गाजलेली प्रकरणे, त्याच काळाच्या पानांवर : ‘लँटर्न’ या शोधसेवेचे परीक्षण

जुन्या काळातल्या नटनट्यांची गाजलेली प्रकरणे पुन्हा उकरून काढून सांगण्याला सध्या मोठी मागणी आहे. पॉडकास्ट, माहितीपटांच्या मालिका, यूट्यूबवरचे तासातासाचे व्हिडिओ असे पुष्कळ साहित्य उपलब्ध आहे आणि त्यातले काही खरोखर मेहनतीने केलेले आहे. तरीही या बहुतेकांत एक उणीव राहते. सांगणाऱ्याला शेवट ठाऊक असतो आणि पहिल्या वाक्यापासून तो ऐकणाऱ्याला त्या शेवटाकडे घेऊन जात असतो. प्रकरण प्रत्यक्ष घडत असताना लोकांना काय वाटत होते, कोणाला काय माहीत नव्हते, कोणाचे पैसे कशात अडकले होते आणि म्हणून कोण काय लिहीत होते, हे त्या सांगण्यात बाजूला पडते. ज्यांना नेमके हेच पाहायचे आहे, त्यांच्यासाठी ‘मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी’ हा संग्रह आणि त्यात शोध घेण्यासाठी तयार केलेली ‘लँटर्न’ ही सेवा उत्तम आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

हा संग्रह डेव्हिड पिअर्स या चित्रपट-अभिलेखतज्ज्ञांनी सुरू केला. आज तो अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या आश्रयाने चालतो आणि प्राध्यापक एरिक हॉइट त्याचे संचालन करतात. लँटर्न २०१३ साली सुरू झाली. चित्रपट, रेडिओ आणि ध्वनिमुद्रण या क्षेत्रांतील जुन्या नियतकालिकांची वीस लाखांहून अधिक पाने तिच्यात शोधता येतात. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि नोंदणीही करावी लागत नाही. ज्यांचा स्वामित्वहक्क अमेरिकेत संपला आहे, अशा अंकांवरच संग्रहाचा मुख्य भर आहे, म्हणून विसाव्या शतकाचा पूर्वार्ध इथे भरगच्च आहे आणि १९६०च्या दशकानंतर पाने झपाट्याने विरळ होतात. नव्वदच्या दशकातली किंवा त्यानंतरची प्रकरणे शोधणाऱ्यांनी इथे येण्यात अर्थ नाही.

सेवेची रचना साधी आहे. नाव किंवा शब्द टाकला की तो ज्या पानांवर आला आहे ती पाने लहान चित्रांसह आणि भोवतीच्या मजकुराच्या तुकड्यासह समोर येतात. वर्षांची मर्यादा घालता येते, नियतकालिक निवडता येते, तारखेच्या क्रमाने यादी लावता येते. हव्या त्या निकालावरून थेट त्या खंडाच्या त्या पानावर जाता येते, आणि तिथून पुढेमागे पाने उलटून संपूर्ण अंक वाचता येतो. माझ्या दृष्टीने सेवेचे खरे मोल या शेवटच्या सोयीत आहे. कात्रण दाखवणाऱ्या सेवा इतरही आहेत, परंतु कात्रणाशेजारी कोणाची जाहिरात होती आणि मागच्या पानावर संपादकाने कोणाची तळी उचलली होती, हे संपूर्ण अंक समोर असल्याशिवाय कळत नाही.

रॉस्को ऊर्फ ‘फॅटी’ आर्बकल याचे प्रकरण घेऊन पाहिले की हे स्पष्ट होते. आर्बकल हा मूकपटांच्या काळातला अतिशय लोकप्रिय विनोदी नट होता. ५ सप्टेंबर १९२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमधील सेंट फ्रान्सिस हॉटेलात त्याने दिलेल्या मेजवानीत व्हर्जिनिया रॅपी ही अभिनेत्री गंभीर आजारी पडली आणि ९ सप्टेंबरला ती मरण पावली. मूत्राशय फाटून पोटात झालेला संसर्ग हे मृत्यूचे कारण होते. आर्बकलवर सुरुवातीला खुनाचा आरोप ठेवला गेला, नंतर तो सदोष मनुष्यवधाचा करण्यात आला. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे दहा सदस्य त्याला सोडावे या मताचे होते आणि दोन विरोधात. दुसऱ्या खटल्यात हेच प्रमाण उलटे झाले. एकमत न झाल्याने दोन्ही खटले निष्फळ ठरले. तिसऱ्या खटल्यात, १२ एप्रिल १९२२ रोजी, ज्यूरीने काही मिनिटांतच त्याला निर्दोष ठरवले, आणि नुसती सुटका पुरेशी नाही, या माणसावर मोठा अन्याय झाला आहे, असे लेखी निवेदनही दिले. त्यानंतर सहाच दिवसांनी चित्रपट निर्मात्यांच्या नव्या संघटनेचे प्रमुख विल हेज यांनी त्याच्या चित्रपटांवर बंदी घातली. ती डिसेंबरमध्ये उठली, तरी त्याची नट म्हणून कारकीर्द सावरली नाही. पुढे तो टोपणनावाने दिग्दर्शन करत राहिला आणि १९३३ साली वारला.

एवढी हकिकत कुठेही मिळते. लँटर्नवर मात्र ‘फोटोप्ले’ या मासिकाचा सप्टेंबर १९२१चा अंक उघडता येतो, आणि त्यात खुद्द आर्बकलच्या नावाने छापलेला, लठ्ठ माणसाच्या प्रेमविषयक कबुलीजबाबाचा एक खेळकर लेख आहे. मासिकांचे अंक आधीच तयार होऊन बाजारात येत, त्यामुळे ज्या दिवसांत वृत्तपत्रांची पहिली पाने त्याच्या अटकेने भरली होती, त्याच दिवसांत हा लेख दुकानांत विकला जात होता. हा लेख वाचताना त्या माणसाची जनमानसातली प्रतिमा किती निरुपद्रवी, गुबगुबीत आणि घरगुती होती, ते लक्षात येते. या प्रतिमेवर कंपनीने आणि मासिकाने किती श्रम घेतले होते, हेही कळते. लोकांचा संताप एवढा तीव्र का झाला, याचे एक उत्तर मला या पानांत मिळते, कारण ज्याला लोकांनी मुलाबाळांसह पाहिले होते त्याच्याविषयी ही बातमी होती.

त्यानंतर व्यावसायिक नियतकालिके वाचावीत. ‘मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड’, ‘एक्झिबिटर्स हेरल्ड’, ‘व्हरायटी’ आणि रोज निघणारे ‘विड्‌स डेली’ (ज्याचे नाव १९२२मध्ये ‘फिल्म डेली’ झाले) ही सगळी इथे आहेत. हे लेखन चाहत्यांसाठी नव्हते. ते वितरकांसाठी आणि चित्रपटगृहांच्या मालकांसाठी होते. त्यामुळे अटकेनंतर त्याचे चित्रपट उतरवणारे चित्रपटगृहवाले, हात वर करणाऱ्या संघटना, आणि सरकारी परिनिरीक्षण येईल या धास्तीने आधीच हवालदिल झालेला धंदा, हे सारे आठवड्या-आठवड्याने उलगडत जाते. निकालानंतर बंदी का आली, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. ही पाने क्रमाने वाचल्यावर माझ्यापुरते उत्तर निश्चित झाले. तो निर्णय आर्बकलच्या दोषाविषयी नव्हताच, तो धंद्याच्या बचावाचा होता. १९२२च्या फेब्रुवारीत दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलर यांचा खून झाला होता (त्याचा छडा आजवर लागलेला नाही), त्यात दोन नामवंत अभिनेत्रींची नावे विनाकारण गोवली जात होती, आणि हॉलिवूडला काहीतरी करून दाखवणे भाग होते. ‘फोटोप्ले’चे संपादक जेम्स क्वर्क यांनी १९२२च्या वसंतात हेज यांना उद्देशून हॉलिवूडच्या नैतिक साफसफाईविषयी अनावृत पत्र छापले, तेही इथे वाचता येते. ज्या मासिकाने काही महिन्यांपूर्वी आर्बकलचा खेळकर कबुलीजबाब छापला होता, त्याच मासिकाचा हा बदललेला सूर आहे.

या संग्रहाची सर्वांत मोठी मर्यादाही याच प्रकरणात दिसते, आणि ती वाचकाने कधीही नजरेआड करू नये. ही पाने चित्रपटव्यवसायाने स्वतःविषयी लिहिलेली आहेत. मेजवानीनंतर चार दिवसांत मरण पावलेली तरुणी या पानांत जवळजवळ नाहीच. ती आहे ती एक अडचण म्हणून, नटाच्या नावामागे लागलेला डाग म्हणून. ती मॉडेल होती, तिने काही चित्रपटांत भूमिका केल्या होत्या, या माहितीपलीकडे माणूस म्हणून तिची दखल घेण्याची गरज या धंद्याला वाटली नाही. निर्दोष नटावर अन्याय झाला हे खरे आहे. मरणानंतर तिच्या चारित्र्याची चिरफाड झाली हेही तितकेच खरे आहे, आणि आजही आर्बकलची बाजू मांडणारे पुष्कळ जण तीच चिरफाड पुढे चालवतात, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून लँटर्न एकटी वापरू नये. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या मोफत सेवेत त्या काळची दैनिके वाचता येतात. ती शेजारी ठेवली की दोन वेगवेगळ्या हितसंबंधांचे लेखन एकमेकांसमोर येते, आणि दोन्हींतली अतिशयोक्ती उघडी पडते.

दुसरे उदाहरण १९३९ सालचे आहे. त्या वर्षीच्या जानेवारीच्या अंकात ‘फोटोप्ले’ने हॉलिवूडमधील ‘अविवाहित पती-पत्नी’ यांच्याविषयी एक लेख छापला. क्लार्क गेबल आणि कॅरोल लोम्बार्ड, रॉबर्ट टेलर आणि बार्बरा स्टॅनविक, चार्ली चॅप्लिन आणि पॉलेट गॉडार्ड अशा जोड्यांची नावे त्यात होती. या लेखाने केवढी खळबळ माजवली हे अनेक ठिकाणी वाचायला मिळते, परंतु मूळ लेख वाचणारे कमी असतात. मूळ लेख अतिशय सावध आहे. त्यात थेट आरोप फारसा नाही. कोणी कोणाच्या शेजारी जागा घेतली, कोणी कोणाला काय भेट दिली, कोणी कोणाच्या आवडीनिवडी उचलल्या, असे कौतुकाच्या सुरात सांगत सांगत लेखक वाचकाला हव्या त्या निष्कर्षावर आणून सोडतो. कुजबुज छापील कशी करावी, याचा तो नमुनाच आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये गेबल आणि लोम्बार्ड यांचे लग्न झाले आणि मे महिन्यात टेलर आणि स्टॅनविक यांचे. गेबल आणि लोम्बार्ड यांचे लग्न लेखामुळेच झाले असे म्हणणे धाडसाचे ठरेल, गेबलचा आधीचा घटस्फोट त्या सुमारास मार्गी लागलेला होता. तथापि, स्टुडिओंवरचा दबाव किती वाढला असेल, याचा अंदाज त्यापुढच्या महिन्यांचे अंक चाळताना येतो. मासिके स्टुडिओंच्या मेहेरबानीवर चालत. मुलाखती, छायाचित्रे आणि जाहिराती तिथूनच मिळत. अशा मासिकाने हा लेख छापला, म्हणून तो इतका झोंबला.

अभिनेत्री इन्ग्रिड बर्गमन आणि इटालियन दिग्दर्शक रोसेलिनी यांच्या प्रेमप्रकरणावरून १९५० साली अमेरिकी सिनेटमध्ये तिच्यावर झालेली टीका, किंवा १९३६ साली अभिनेत्री मेरी ॲस्टर हिच्या मुलीच्या ताब्याच्या खटल्यात गाजलेली तिची रोजनिशी, ही प्रकरणेही इथे शोधता येतात. त्यांचा तपशील मी देत नाही. एवढेच नोंदवतो की ॲस्टरच्या रोजनिशीची म्हणून वृत्तपत्रांत फिरलेली अनेक पाने बनावट होती, आणि तिच्याविषयीची सनसनाटी विधाने उद्धृत करताना आजचे सांगणारे हे क्वचितच लक्षात ठेवतात.

मराठी वाचकासाठी या संग्रहात एक खास ठेवा आहे, आणि तो आहे हे मला फार महत्त्वाचे वाटते. बाबूराव पटेल यांनी १९३५ साली मुंबईत सुरू केलेल्या ‘फिल्मइंडिया’ या इंग्रजी मासिकाचे अनेक अंक इथे वाचता येतात. पटेल हे मराठी संपादक, लेखणी धारदार, अनेकदा क्रूर. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरे त्या काळी चवीने वाचली जात. नटनट्यांचे खासगी आयुष्य, कंपन्यांमधली भांडणे, परदेशी चित्रपटांतले भारताचे अपमानकारक चित्रण, यांपैकी काहीही त्यांना वर्ज्य नव्हते. १९३८ साली एका ब्रिटिश चित्रपटाविरुद्ध मुंबईत निदर्शने झाली, त्यात या मासिकाच्या मोहिमेचा वाटा होता.

शांता आपटे यांचे प्रकरण या अंकांच्या आधारे पुन्हा वाचण्यासारखे आहे. ‘प्रभात’च्या या गायिका-अभिनेत्रीने १९३९च्या जुलै महिन्यात पुण्यात कंपनीच्या फाटकाशी उपोषण केले. वाद कराराचा होता. आजही हा प्रसंग सांगताना पुष्कळांच्या बोलण्यात ‘तापट’, ‘हट्टी’ अशी विशेषणे येतात, आणि त्याला जोडून त्यांनी बाबूराव पटेलांच्या कचेरीत जाऊन त्यांना छडीने मारल्याचा किस्साही रंगवून सांगितला जातो. किस्सा रंगतदार आहे यात वाद नाही. परंतु उपोषणाचा प्रसंग नीट पाहिला तर तिथे एक पगारदार कलावती मालकाच्या दारात, त्या काळात राजकीय लढ्याचे मानले जाणारे हत्यार घेऊन बसली होती, आणि तिचे म्हणणे कामाच्या अटींविषयी होते. हे प्रकरण श्रमाचे होते. ते स्वभावाचे म्हणून का खपले, हे समजून घ्यायचे तर ‘फिल्मइंडिया’चे त्या वर्षांतले अंक पानोपान पाहावेत. ‘प्रभात’च्या जाहिराती त्यात दिमाखात झळकतात. नटीकडे पाहण्याची, तिच्या रूपावर, वयावर, लग्नावर शेरे मारण्याची जी सवय त्या पानांत मुरलेली आहे, ती एका प्रसंगापुरती नाही. अशा पानांत करारातले कलम हा बातमीचा विषय होऊच शकत नव्हता.

शांता आपटे यांनी १९४० साली ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले आणि चित्रपटव्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या स्त्रीसमोर काय वाढून ठेवले आहे, ते स्पष्टपणे मांडले. ज्या नटीविषयी इतके लिहिले गेले, तिने स्वतः लिहिलेले हे पान मराठीत आहे. ‘फिल्मइंडिया’ वाचणाऱ्याने ते मिळवून शेजारी ठेवावे. एरवी पटेलांची भाषा इतकी चटपटीत आहे की वाचक नकळत त्यांच्या बाजूने हसू लागतो.

आता सेवेतल्या उणिवा. जुनी छपाई यंत्राकडून वाचून घेताना चुका होतात, आणि तीन-चार स्तंभांच्या पानांवर त्या वाढतात. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द शोधात सापडत नाही, त्यामुळे निकाल शून्य आले म्हणजे उल्लेखच नाही, असे समजू नये. भारतीय नावांची स्पेलिंगे तर अंकागणिक बदलतात, तेव्हा तीनचार प्रकारे शोध घ्यावा लागतो. दुसरे असे की पुष्कळ मासिके सहा-सहा महिन्यांच्या बांधीव खंडांतून स्कॅन केलेली आहेत. निकालावर वर्ष दिसते, पण महिना ठरवण्यासाठी मागे जाऊन अनुक्रमणिकेचे पान शोधावे लागते. आर्बकलसारख्या प्रकरणात एका महिन्याच्या फरकाने सगळा अर्थ बदलतो, म्हणून हा खटाटोप टाळता येत नाही. तिसरे म्हणजे स्कॅन केलेली पाने ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संस्थेच्या सर्व्हरवर असतात. ऑक्टोबर २०२४मध्ये त्या संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि तिचे संकेतस्थळ काही दिवस बंद राहिले, तेव्हा लँटर्नचे वाचनही त्याच्याशी बांधलेले आहे हे ध्यानात आले. लेखनासाठी लागणारी पाने पीडीएफ स्वरूपात उतरवून ठेवणे शहाणपणाचे आहे, आणि तशी सोय उपलब्ध आहे. मोबाइलच्या पडद्यावर ही पाने वाचणे डोळ्यांना त्रासाचे होते. मोठा पडदा असेल तरच वाचायला बसावे.

एक साधन मात्र मी वापरण्याचा आग्रह धरीन. ‘आर्कलाइट’ नावाची जोडसेवा एखादे नाव कोणत्या वर्षी किती पानांवर आले, याचा आलेख काढून देते. एखाद्या नटाचे नाव प्रकरणाआधी किती होते, प्रकरणात किती वाढले आणि नंतर किती वेगाने नाहीसे झाले, हे पाहून मूळ पानांकडे वळले तर वाचनाला दिशा मिळते. आलेखावरून निष्कर्ष मात्र काढू नये, कारण ज्या वर्षांचे अंक संग्रहात जास्त आहेत, त्या वर्षांत सगळीच नावे जास्त दिसतात.

मराठी नियतकालिकांसाठी या संग्रहाचा उपयोग नाही. मूकपटांपासूनच्या मराठी चित्रसृष्टीतली भांडणे, करारांचे खटले आणि वर्तमानपत्री बदनाम्या ज्या मराठी साप्ताहिकांत आणि मासिकांत छापल्या गेल्या, त्यांचा अशा प्रकारे शोध घेता येईल अशी मोफत सेवा आज वाचकाच्या हाती असायला हवी होती. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथल्या ग्रंथालयात जुने अंक आणि चित्रपटविषयक कागदपत्रे पाहता येतात, पण त्यासाठी प्रत्यक्ष जावे लागते. विस्कॉन्सिनमधल्या काही अभ्यासकांनी ‘फिल्मइंडिया’ जगभरच्या वाचकांसाठी खुले करून दिले. त्याच वर्षांतली मराठी पाने कपाटांत आहेत, आणि ती स्कॅन करण्याचे काम हाती घेण्यासाठी विद्यापीठांनी आणि ग्रंथालयांनी आता पुढे यावे, ही माझी कळकळीची मागणी आहे. कागद ठिसूळ होत चालला आहे, आणि ‘फिल्मइंडिया’ने एका बाजूने सांगितलेल्या प्रत्येक प्रकरणाची दुसरी बाजू त्या कागदांवर असण्याची शक्यता मोठी आहे.